बाळाच्या घोंगडीतलं कोकरू

आभाळातल्या ढगांनाही मेंढ्यांसारखी नावं असायची, त्या काळची ही गोष्ट. एका माळावर, जांभळ्या-निळ्या रानफुलांच्या कडेला, इवल्याशा झोपडीत ठकू नावाची धनगराची पोर राहायची. बाप दुसऱ्यांची मेंढरं घेऊन दूर मुलखात गेलेला. घरात ठकू आणि तिची आई बायजा, दोघीच. आधी पाळण्यात एक गुबगुबीत बाळ होतं. थंडीत त्याला ताप आला आणि ते देवाघरी गेलं.

त्या दिवसापासून बायजा भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बोलेना, हसेना, रडेनासुद्धा. वैद्यबुवांनी काढा दिला, त्याने तेवढी झोप लागली. शेजारच्या कोंडाकाकीने मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्याने चुलीत तेवढी तडतड झाली. आईच्या तोंडून शब्द काही फुटला नाही. ठकूच वाकड्यातिकड्या भाकरी थापायची आणि आईपुढे ठेवायची. तिला फार एकटं वाटायचं.

माळावरून मेंढरं गेली की बोरीच्या काट्यांवर त्यांची लोकर अडकून राहते. ठकू ती वेचायची आणि कोंडाकाकीला द्यायची, म्हणजे पसाभर पीठ मिळायचं. एका सोनेरी सकाळी ती अशीच लोकर वेचत होती, तर बोरीच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. बघते तर काय, एक चिमुकली परी! अंगात धुक्याचा झगा, केसांत दवाचे मणी, पण एक गुलाबी पंख काट्याने टर्रकन फाटलेला.

“हलू नगंस गं, काटा आनखी रुतंल,” ठकू म्हणाली. तिने लोकर वळून मऊ दोरा केला, काट्याचीच सुई केली आणि पंख शिवून दिला. त्या दिवसाचं पीठ त्या पंखात गेलं, पण तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

“गुणाची गं माझी बाय!” परी म्हणाली. “दोन गोष्टी माग. पण नियम ऐक हं. जे मागशील ते जीव लावून सांभाळायचं. आणि कुणाच्या मनावर माझी जादू चालत नाही.”

ठकूचं तोंड एवढंसं झालं. ‘आईला बरं कर’ हेच तर तिच्या ओठांवर होतं. तिने खूप विचार केला.

“मंग मला एक कोकरू दे. पोरकं असलं तरी चालंल. मेंढरं जवळ असली की माझ्या आयेला लई बरं वाटायचं.”

परीने फुंकर मारली, आणि ढगाचा एक कापूसगोळा तुटून खाली आला. त्याला गुलाबी नाकुली होती, काळे टपोरे डोळे होते, आणि ते बें बें करत होतं.

घरी आईने मात्र कोकराकडे ढुंकून पाहिलं नाही. मग ठकूला धनगरांची रीत आठवली. एखाद्या मेंढीचं पिल्लू गेलं, तर पोरक्या कोकराला त्या पिल्लाचा वास लावतात. मेंढी हुंगते आणि त्याला जवळ घेते. मेंढीला चालतं ते आईला का नाही चालणार? पोरीचं डोकंच ते! तिने बाळाची छोटीशी घोंगडी काढली, तीत कोकरू गुंडाळलं आणि हळूच आईच्या मांडीवर ठेवलं.

बायजाने खाली पाहिलं. घोंगडीला नाक लावलं. आणि असा हंबरडा फोडला की झोपडी हादरली.

“माझं बाळ गं! माझं सोनं!”

ठकूची बोबडीच वळली. ती धावत रानात गेली.

“परी, आयेचं रडू थांबीव! ह्येच माझं दुसरं मागणं!”

“ते जमत नाही गं,” परी हळुवार म्हणाली. “आणि जमलं तरी मी करणार नाही. इतके दिवस ते रडू आत गोठलं होतं. वाहू दे त्याला.”

“म्हंजी माझं चुकलं न्हाई?”

“थोडं चुकलं. आईला फसवायचं नसतं. खरं काय ते सांग आणि कोकरू तिच्या हाती दे.”

ठकूने डोळे पुसले. तिच्या पोटात कावळे कोकलत होते. ताटभर पुरणपोळ्या मागाव्यात, असं क्षणभर वाटलंही. पण कानात ते बें बें घुमत होतं.

“मंग कोकराला दूध मिळू दे,” ती म्हणाली.

चांदीच्या रंगाची एक शेळी झुडपातून डुलत डुलत आली.

शेळीला घरी आणून ठकूने वाटीभर दूध काढलं आणि ती आईपुढे बसली. “आये, ह्ये आपलं बाळ न्हाई. ह्याला आय न्हाई, आनि भूक लागलीया. तू पाजतीस का?”

बायजाने कोकरावरची घोंगडी बाजूला केली. मग तिने फडक्याचं टोक दुधात बुडवलं आणि कोकराच्या तोंडात दिलं.

पुढे रोज पहाटे ती कोकराला दूध पाजू लागली. ते मांडीवर झोपलं की हातातली चाती फिरवत लोकर कातू लागली, आणि चातीच्या प्रत्येक गिरकीला ओठांत बिरोबाचं नाव घेऊ लागली. जितकं लांब सूत, तितका लांब श्वास. एखाद्या दिवशी ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसायची. मग कोकरूच तिचा पदर ओढायचं. ठकूशी मात्र ती अजून बोलली नव्हती, आणि ठकूही गुपचूप वाट पाहत होती.

एका केशरी संध्याकाळी परी दारात आली. “आता माझं इथे काम उरलं नाही,” ती हसली. तिच्याभोवती मोतिया, गुलाबी, सोनसळी उजेड भरून आला. उजेड विरला तेव्हा दारात कुणीच नव्हतं.

ठकू हिरमुसून तिथेच उभी राहिली. तेवढ्यात चुलीपाशी भाकरीचा खरपूस वास सुटला आणि मागून हाक आली.

“ठकू, जेवलीस का गं, बाय?”

बाळ गेल्यापासून हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ठकू धावत जाऊन आईच्या कुशीत शिरली.

“न्हाई, आये,” ती मुसमुसत म्हणाली, “तू भरीव.”