पेवाची मूळ स्थिती

एक होतं जंगल. जंगलाचा राजा वाघ आणि राजाचा मेहुणा तरस. वाघाचा मेहुणा तरस कसा, असं विचारणारे पूर्वी होते. आता नाहीत.

नदीकाठच्या सशा-उंदरांनी जमिनीत एक पेव खणलं होतं. उन्हाळाभर पुरेल एवढी वरई त्यात भरलेली. राखणीला टिटवी, कोंडाबाई. ओरडणं हेच तिचं काम. पण ती ओरडली की अर्धं जंगल "अपशकुनी मेली!" म्हणून कानांवर पंजे धरायचं. अन् इकडे तरस रोज पेवात तोंड घालत होतं.

अशात टेकडीवर नवी चौकी झाली. सुतारपक्ष्यांनी फुकट बांधून दिलेली. तिचे सगळे नियम उघड्या कातळावर कोरले होते. कुणीही वाचावे, चूक दिसली तर दाखवावी. प्रत्येक बिळापासून चौकीपर्यंत एक वेल ओढायचा. राखणदाराकडे अर्धी शिंपली, चौकीत उरलेली अर्धी. दोन्ही जुळल्या की वेल जोडायचा. मग बिळात घुसखोर शिरला की चौकीत घंटा.

"माझ्या राज्यात लपवाछपवी नाही! सगळं उघडं आहे!" राजा सभेत गरजला. टाळ्या पडल्या. पेवाचं झाकणही तेव्हा उघडंच होतं.

कोंडाबाई शिंपली घेऊन चौकीवर गेली. तिथं कारभारी होता सरडा.

"सरडेराव, माझा वेल जोडा. पेवात तरस शिरलंय."

सरड्यानं शिंपली फिरवून पाहिली. "जुळत नाही. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात चौकीतली अर्धी शिंपली सापडेना. त्याच्या पुढच्या आठवड्यात सरडा उन्हाला बसला होता. तोवर तरसाच्या डोक्यामागोमाग पोटही पेवात गेलं, मग बायको आली, मग पिल्लं. ससे-उंदीर भिऊन करवंदीच्या जाळीत राहायला गेले.

"अहो, पेव खाल्लं त्यानं! ऐकू येत नाही का?" कोंडाबाई सरड्याच्या कानाशी किंचाळली.

"बाई, तुमच्या नावापुढे 'कधीच जोडलेली नाही' असा शेरा आहे. तुमचं ओरडणं मला ऐकू येतं. चौकीला येत नाही."

तरसाचं बस्तान नीट बसलं, आणि सरडा आपण होऊन वेल घेऊन आला. ढोल, हार, भाषण. शिंपल्या एका झटक्यात जुळल्या. सरड्यानं पेवात डोकावून लिहून घेतलं: तरस एक, मादी एक, पिल्लं चार. ससे-उंदीर नाहीत.

"हे काय लिहिताय?"

"मूळ स्थिती. जोडणीच्या दिवशी आत जे दिसेल ते मूळचं. त्यात बदल झाला की घुसखोरी."

"अहो, पण चोर तोच आहे!"

"आज आत आहे ना? मग तो मूळचा."

कोंडाबाई उडत कातळावर गेली. सुतारपक्ष्यांनी स्वच्छ कोरलं होतं: आधी चोर हाकला, मग मूळ स्थिती लिहा. तिनं सरड्याला ओढतच आणलं. सरड्यानं नियम वाचला, पुन्हा वाचला आणि कातळाच्या रंगाचा झाला.

"बरोबर आहे बाई. नियम वाचायला सगळ्यांना खुला आहे. पाळायचा, असं कुठं कोरलंय?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा ससा, भिका, नातवंडांसाठी मूठभर वरई आणायला आपल्याच पेवात उतरला. चौकीत घंटा अशी घणघणली की जंगलाला पहिल्यांदा कळलं, घंटा किती चांगली आहे.

"घुसखोर सापडला!" राजानं दवंडी पिटवली. भिकाला जंगलाबाहेर हाकललं, आणि ज्या वेलानं घंटा वाजली त्याची राखणदार म्हणून कोंडाबाईच्या गळ्यात बिल्ला घातला.

कोंडाबाईनं बिल्ला नदीत टाकला आणि चोचीनं वेल तोडला. सरड्यानं शांतपणे शेरा बदलला: 'संपर्क तुटला. संशयित.'

आता पेव अगदी सुरक्षित आहे. चोरीची एकही नोंद नाही. घुसखोर मात्र रोज सापडतात. निवडणूक जवळ आली की जरा जास्तच.