येसबाची काहील

नदीवर पूल झाला नव्हता आणि पैलतीराला जायचं तर पाण्यातूनच जावं लागे, त्या काळची ही गोष्ट. उंबरघोल गावात येसबा नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा प्रमुख. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्याचा पाक नेमका केव्हा झाला हे ज्याला कळतं तो. काहील जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. इतर गुळवे पाकाची गोळी पाण्यात टाकून बघत. येसबा नुसता डोळे मिटून उकळीचा आवाज ऐके आणि म्हणे, "उतरवा." कोसभरावरून त्याला काहिलीचा वास कळे, असं म्हणतात. त्याच्या गुळावर बसलेली माशी उडायचं विसरे, असंही म्हणतात. पण ते म्हणणारे उंबरघोलचेच.

त्याच्या हाताखाली सात गडी होते. ऊस गाळावा, जाळ घालावा, रसावर आलेली मळी काढावी, सगळं त्यांनी करावं. पण 'उतरवा' म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्याला कारण होतं, आणि ते खरं कारण एकट्या येसबाला ठाऊक होतं.

झालं असं होतं की, एका हंगामात धुळाप्पा नावाचा गडी, मुलखाचा अबोल, एकाएकी म्हणाला, "उतरवा." येसबानं कान दिला. शब्द बरोबर होता. येसबाच्या तोंडून निघायच्या एक श्वास आधी निघाला होता, एवढंच. शाबास म्हणायला काय लागत होतं? पण येसबाच्या पोटात दुखलं. तो म्हणाला, "कच्चा हाय अजून. कुणी इचारलं तुला?" आणि काहील तशीच जाळावर ठेवली. गूळ काळा पडला. तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत धुळाप्पाला झापलं, "मधी बोलून माझं ध्यान मोडलंस." धुळाप्पानं मान खाली घातली आणि त्या दिवसापासून काहिलीजवळ तोंड उघडलं नाही. त्याचं बघून बाकीचे सहाही गप्प झाले. येसबाला ते बरं वाटलं, हे सांगायला हवं.

पुढच्या वर्षी भागाक्काचा ऊस गाळायला आला. भागाक्का एकटी बाई. तिनं डोक्यावर घागरी वाहून पट्टीभर ऊस वाढवला होता. वर्षभराचा तिचा गूळ त्या एका काहिलीत होता. रस चढला आणि पैलतीराच्या गावाहून निरोप आला, की आमच्या गुऱ्हाळाचा गूळ कसा झालाय ते येसबानं येऊन सांगावं. मान मिळत असला की येसबाला घाई होई. जाताना तो म्हणाला, "मी येईस्तोवर काहिलीला हात लावायचा न्हाई."

पलीकडे त्याला पाटावर बसवलं, फेटा बांधला. लोक वाहवा करत होते, तोही मिशीत हसत होता. एवढ्यात त्याच्या नाकात करपट वास शिरला. नदीच्या अलीकडून, कोसभरावरून. फेटा तिथंच टाकून तो धावला. नदीनं दुभंगून त्याला वाट दिली, असं म्हणतात. वाटबीट काही नाही, तो नाकातोंडात पाणी जात कसाबसा आला, असंही काही जण म्हणतात.

गुऱ्हाळात येऊन बघतो तर सात गडी काहिलीभोवती उभे. उचलायचे दांडे कड्यांत घातलेले, हात दांड्यांवर, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि काहिलीत कोळसा.

"दिसत नव्हतं का रं?" येसबा ओरडला.

"दिसत हुतं," धुळाप्पा म्हणाला.

"मग?"

"तुमचा शबुद नव्हता."

भागाक्का रडली नाही. ती येसबाला म्हणाली, "दादा, काहील माझी जळली. पर ह्या सात माणसांचं काय केलंसा तुमी?"

येसबाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घरी जाऊन तो दाराकडे पाठ करून बसला. माणसं भेटायला आली, त्याला वर बघवेना. तीन दिवसांनी तो उठला, आपल्या शेतातल्या उसाचा सगळा गूळ भागाक्काच्या दारात ठेवला आणि गावाला चावडीसमोर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "तवा धुळाप्पाचा शबुद खरा हुता. मला कळलं हुतं. मी मुद्दाम गूळ काळा केला." धुळाप्पा उठून निघून गेला. माफी मागितली की मिळतेच, असं कुठं आहे?

पुढच्या हंगामात येसबानं आपलाच ऊस आधी गाळायला घेतला. रस चढला, आणि तो काहिलीकडे पाठ करून मातीत बसला. म्हणाला, "तुमीच सांगा." कोणी बोलेना. पाक झाल्याचं येसबाला पाठमोरं कळलं. शब्द जिभेवर आला. त्यानं जीभ दातांत धरली, इतकी की रक्त आलं. काहील करपली. त्यानं त्यातला खडा उचलून सगळ्यांदेखत खाल्ला आणि म्हणाला, "चूक माझी." दुसरी काहील करपली, तिसरीही. तिन्ही वेळा त्यानं तेच केलं. त्याचे दात काळे पडले ते मरेपर्यंत पांढरे झाले नाहीत, असं म्हणतात.

चौथ्या काहिलीला, सगळे श्वास धरून उभे असताना, मागून हलक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "उतरवा." धुळाप्पाच होता. सात जणांनी दांडे उचलले. येसबानं वळून बघितलं नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि तो रडतही होता. पुढं त्या सातांतले सातही गुळवे झाले, आणि नदीकाठच्या सात गावांना त्यांनी गूळ करायला शिकवलं, असं म्हणतात.

उंबरघोलमध्ये अजूनही हंगामाची पहिली काहील गुळव्याच्या स्वतःच्या उसाची असते. तिला येसबाची काहील म्हणतात. गुळव्या तिच्याकडे पाठ करून बसतो आणि त्या वर्षी नव्यानं कामाला लागलेल्या माणसानं 'उतरवा' म्हणायचं असतं. बहुतेक वर्षी ती करपतेच. मग गुळव्या उठतो, करपलेला खडा तोंडात टाकतो आणि सगळ्या गावासमोर मान खाली घालून म्हणतो, "चूक माझी." तेव्हा कोणी हसत नाही.