पालथं बोळकं

मी माझ्या मोठ्या जाऊबाईंशी चार वर्षं बोलले नाही. कारण एवढंच, की त्या माझ्या पुरणपोळीला जाड म्हणाल्या. पोळी जाडच होती. परवा मी त्यांच्या घरी गेले, पण माफी मागायला जीभ रेटेना. मग त्यांना ही गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

फार मागे, तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही इतकं मागे, नदीकाठी एक गाव होतं. तिथे मेलेल्याला पुरत. घरच्या प्रत्येकाने एक मूठ माती टाकायची आणि मनात म्हणायचं, ‘चुकलं असेल ते इथेच राहू दे.’

गावात दोन बहिणी होत्या. आईच्या जात्यावरून त्यांचं बिनसलं ते बिनसलंच. पुढे थोरली आजारी पडली आणि गेली. धाकटी दाराआड उभी राहिली, मूठमाती द्यायला काही गेली नाही.

काही वर्षांनी नदीने कूस बदलली आणि मसणवटीचा काठ खायला लागली. गावाने ठरवलं, आपली माणसं उकरून टेकडीवर न्यायची. लोक घाबरले. झोपलेल्याला उठवलं तर तो चिडणार नाही का? सगळ्यांत जास्त घाबरली धाकटी. थोरली उठली तर पहिला प्रश्न तिलाच विचारणार होती.

खड्डे खणणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणत. धाकटी त्याला गाठून म्हणाली, तेवढा एक खड्डा राहू दे. तात्याने पाण्याकडे बोट दाखवलं. पाणी दोन हातांवर आलं होतं.

“उद्या नदी तिला घेऊन जाईल,” तो म्हणाला. “मग तुझी माती तू कुठे टाकशील?”

धाकटी रात्रभर तळमळली आणि सकाळी मान खाली घालून काठावर गेली.

तात्याने हलक्या हाताने माती बाजूला केली. कुणी उठलं नाही, कुणी काही विचारलं नाही. हाडं होती, हिरव्या बांगडीचा तुकडा होता. आणि उशाशी, चपट्या दगडावर, एक मातीचं बोळकं पालथं घातलेलं होतं.

“हे कशाला?” धाकटीने विचारलं.

“घरचं कुणी यायचं राहिलं, की त्याच्या मुठीपुरती जागा आम्ही राखून ठेवतो,” तात्या म्हणाला. “पण हे मी मनाने नाही ठेवलं. जाण्याआधी आक्काच सांगून गेली, ‘धाकटीला उशीर होईल. तिला लहानपणापासून आवरायला वेळ लागतो.’”

धाकटी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. टेकडीवर नव्या खड्ड्यात पहिली मूठ तिने टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला हात हलका वाटला. त्या पावसात जुनी मसणवट वाहून गेली, पण टेकडीवरचं कुणीही कुणाच्या स्वप्नात तक्रार घेऊन आलं नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाने आपली जागा राखलेली असते, म्हणून उशीर झाला तरी जावं.

गोष्ट संपली. मी डोळे पुसले आणि जाऊबाईंकडे पाहिलं.

त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गोष्ट चांगली आहे गं. पण मी अजून मेले नाहीये.”