नागुशेटचा अंगठा

फार वर्षं झाली, तेव्हा हिवरवाडीत धरणाचं पाणी आलं नव्हतं आणि माणसं आजच्याहून संशयी होती. खोटं वाटतं? ऐका तर मग.

गावात नागुशेट सोनार होता. बारशाला बाळांचे कान तोच टोचायचा. आधी अंगठ्याने पाळी दाबून बधिर करायचा, मग सुईने घरच्यांनीच दिलेली सोन्याची तार आरपार. बाळाला रडायचीही सवड मिळत नसे, असं म्हणतात. पण सोनार पडला ना! तार बदलेल म्हणून लोक त्याच्यासमोर डोळ्यांत तेल घालून बसायचे.

सगुणा कोष्टिणीला मुलगा झाला. त्याच्या मांडीवर जन्मापासून जांभळी गाठ, टणक आणि गरम, रोज वाढणारी. सगळे म्हणाले, गळू आहे. सासू बनाबाईने ठरवलं, बारशाला कान टोचून झाले की लगेच न्हाव्याकडून गळूही फोडून घ्यायचं. रडायचं ते एकदाच रडू दे पोराला.

नागुशेटने पाळी दाबून अंगठा काढला, तर खाली काळंनिळं रक्त साकळलेलं. दुपटं बाजूला केलं, तर पायांवर बारीक लाल टिपके.

"बनाबाई, आज सुई नको. गाठीला वस्तरा तर मुळीच लावू नका. याचं रक्त थांबायचं नाही."

"आधी तार इकडे द्या," बनाबाई म्हणाली. "बदललीत वाटतं, म्हणून काढता पाय घेताय."

तिने तार बाजारगावच्या सोनाराकडे पाठवली. त्याने कसोटीवर घासली, सोनं चोख निघालं. मग बाई म्हणाली, सोनं चोख तर माणसाच्याच मनात काळं असणार, त्यानेच दृष्ट लावली. आणि तिने न्हाव्याला बोलावलं.

वस्तरा नुसता टेकला आणि रक्ताची धार लागली. हळद झाली, कोळिष्टकं झाली, काही थांबेना. सगुणा ओली बाळंतीण, तशीच धावत जाऊन नागुशेटला घेऊन आली. त्याने अंगठा दाबून धरला. दिवस मावळला, उजाडला, पुन्हा मावळला, अंगठा हलला नाही, असं म्हणतात. रक्त थांबलं. पुढे गाठही सुकत गेली म्हणतात. मला ते अजून पटत नाही, पण पोर जगलं हे खरं. तेच माझे आजेसासरे.

आणि गाव काय म्हणालं? जो रक्त थांबवतो तो सोडतही असेल. बारशाचं बोलावणं बंद झालं. नागुशेट ऐरण उचलून निघून गेला. बनाबाई वेशीपर्यंत त्याच्या मागोमाग गेली आणि तिथून परत फिरली.

आमच्याकडे अजून सुईआधी अंगठा लावतात, नागुशेटचं नाव घेऊन. डाग उमटला तर बाळाला थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. परवाच एक नेलं, त्याच्याही पाठीवर तशीच गाठ होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी गाठ रक्त गोठवणारे कणच खाऊन टाकते, बरं झालं वेळेत आणलंत.

आणखी एक रीत आहे. तार सोनाराच्या हातात दिली की बाळाची आजी त्याच्याकडे पाठ करून बसते. माझ्या नातवाच्या बारशाला मीही बसले. मागे वळून बघावंसं फार वाटलं. नाही बघितलं.