हौसाचा आडोसा

देवळाच्या सभामंडपापासून हाकेच्या अंतरावर ही जी छातीइतकी दगडी भिंत दिसते ना, ती किल्ल्याची नव्हे. पाहुणे तिला बुरूज समजून फोटो काढतात. तिला हौसाचा आडोसा म्हणतात, आणि तो बायकांना लघवीला जाण्यासाठी आहे. हसू नका. ज्या घरामुळे तो बांधावा लागला, त्याच घरची मी सून आहे.

फार मागे आमच्या घरात भिकाई नावाची बाई होती. तिचा एकुलता मुलगा तापानं अंथरुणाला खिळला, तेव्हा ती भैरोबाला नवस बोलली म्हणे. पोरगा उठला, तर त्याची नवी नवरी उगवतीपासून मावळतीपर्यंत जागची न हलता तुझ्यापुढे समई राखील. पोरगा उठला. यथावकाश त्याचं लग्न झालं आणि पाचव्या दिवशी हौसा समईपुढे पाटावर बसली.

दिवस चैत्रातले. पोरगी सुकून जाईल म्हणून बायका मायेनं तिला ताक पाजत होत्या, तांब्यामागून तांब्या. नको म्हणायला नवी नवरी धजेना. शरीर आपलं काम करत राहतं, त्याला नवस कळत नाही. दुपारी ती सासूच्या कानाशी लागली.

"आत्याबाई, मला बाहेर जायचंय."

"अगं, एवढा गाव बसलाय. जरा दम धर," भिकाई म्हणाली.

तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा भिकाईनं नुसते डोळे वटारले. मग तिनं विचारलं नाही.

सूर्य मावळला, लोक समईच्या पाया पडले, पण हौसाला उठता येईना. पोट दगडासारखं झालेलं. आता जायची मोकळीक होती, तर लघवीच होईना. वैदूनं शेक दिला, काढे दिले. शरीरानं बाहेर टाकायचं ते आतच राहिलं, अंगावर सूज चढली आणि चौथ्या दिवशी ती गेली, असं सांगतात. सतरा वर्षांची होती. इतक्या पिढ्या उलटल्या, तरी हे सांगताना मला मान वर करवत नाही.

भिकाईनं ओढ्यातले दगड एकेक करून डोक्यावर आणले आणि ही भिंत रचली. कुणाला हात लावू दिला नाही. पुढे गावात कुठंही कार्य असलं की बोलावणं नसताना ती जायची आणि भर मांडवात बायकांना विचारत फिरायची.

आजही आमच्याकडे अंतरपाट धरण्याआधी घरातली थोरली बाई उभी राहून मोठ्यानं विचारते, "कुणाला बाहेर जायचंय का गं?" गरज असो नसो, नवरी उठते. तोवर भटजी थांबतात, मुहूर्त थांबतो. देव तर थांबतोच. त्या दिवशीही थांबला असता. आम्ही त्याला विचारलंच नाही.