बोबडा नगारा

आदिस अबाबा शहराच्या माथ्यावर निलगिरीच्या झाडांनी भरलेला डोंगर आहे. त्याच्या एका खांद्यावर जुने गोल चर्च आहे, आणि चर्चच्या ओसरीत लाकडाचा भलामोठा नगारा. त्याच्यावर टिपरी मारली तर तो घुमत नाही. थब् म्हणतो आणि गप्प बसतो, तोंडात घास धरून कोणी ‘हो’ म्हणावे तसा.

राखणदाराला तिथले लोक आब्बा तेस्सेमा म्हणतात. चिपळूणहून आलेल्या मंडळींनी पाच मिनिटांत त्याचे ‘आबा’ करून टाकले.

“आबा, चामडं फाटलंय का हो याचं?” दामलेकाकूंनी विचारले.

“चामडं धडधाकट आहे. पोट भरलंय त्याचं,” म्हातारा म्हणाला, आणि पायरीवर बसकण मारून त्याने जे सांगितले ते असे.

फार पूर्वी या देशाची राजधानी एका जागी नसेच म्हणे. ती चालत असे. राजा जिथे तंबू ठोकील ती राजधानी. खजिना, न्यायाधीश, बेड्या घातलेले कैदी, पिंजऱ्यातला सिंह, सगळे राजाच्या मागून डोंगर चढायचे. भोवतालचे सरपण संपले की मुक्काम हलवावा, ही इतर राजांची रीत. पण एका राजाला तेवढाही धीर नसे. दोन रात्री झाल्या की समोरचा डोंगर त्याच्या डोळ्यांत खुपू लागे. उजाडताच तो ओरडे, “नगारा!” नगारा वाजला की खुंट्या उपटायच्या, आणि तो घुमल्याशिवाय कुणी सुतळीलाही हात लावायचा नाही, असा कायदा. गाईच्या तंट्याचा निकाल मागायला निघालेला एक शेतकरी वर्षानुवर्षे राजधानीच्या मागे फिरत होता असे सांगतात. तो पोहोचे तेव्हा चुलींची राख तेवढी कोमट असे. मधल्या काळात गाय म्हातारी होऊन मेली, तंटा मात्र तरणाबांड राहिला.

राजाच्या भटारखान्यात आस्कला नावाची बाई होती. तेफ नावाच्या, नाचणीहून बारीक धान्याचे पीठ आंबवून तिकडे सुपाएवढी जाळीदार इंजेरा करतात. आपल्या आंबोळीची थोरली बहीणच. ते आंबवायला मागच्या पिठातले थोडे विरजण लागते. आस्कलाचे विरजण आईकडून आलेले, आईला तिच्या आईकडून. “हे मरू द्यायचं नाही,” एवढे वचन घेऊन आईने डोळे मिटले होते. पण खेचराच्या पाठीवर हिंदकळून आणि डोंगरची थंडी खाऊन ते आता ओंजळभर उरले होते, आणि त्यालाही बुडबुडा येईना. अजून एक मजल झाली की कारभार आटोपला.

गंमत अशी की पीठ आंबायला तीन दिवस लागत, आणि राजा थांबे दोन. मग न आंबलेल्या पिठाची भाकरी पानात पडे. ती राजाच्या पोटात धोंड्यासारखी बसे. पोट फुगले की झोप नाही, झोप नाही की डोंगर खुपे, डोंगर खुपला की नगारा! दरबारी ज्योतिषी याला ग्रहांची चाल म्हणत. आस्कलाला ठाऊक होते की ग्रह नव्हेत, हा वात आहे.

या डोंगरावर मुक्काम पडला तेव्हा तिने नवऱ्याला गाठले. नवरा वोल्दे हाच राजाचा नगारची.

“ह्या खेपेला वाजवू नका.”

“आणि माझं डोकं कुठे ठेवू?”

“असतं तर आजवर कुठेतरी ठेवलंच असतंत की!”

तिन्हीसांजेला तिने वोल्देला मधाची दारू पाजली. तो घोरू लागताच नगाऱ्याच्या वाद्या सैल केल्या, विरजण नव्या पिठात कालवले आणि सगळे नगाऱ्यात ओतले. वरून चामडे ताणून बांधले, भोवती घोंगड्या गुंडाळल्या. राजनगाऱ्याला नगारचीखेरीज कुणी हात लावला तर तो हात मनगटापासून तोडत. “आई, हात गेला तर गेला, हे जगू दे,” म्हणून तिने नगाऱ्याला कपाळ टेकले.

दोन रात्री सरल्या. “नगारा!” राजा ओरडला. वोल्देने टिपरी हाणली. थब्! त्याने पुन्हा हाणली. थब्! त्याने बायकोकडे पाहिले. बायको आभाळातल्या घारी बघत होती.

“थंडी खाल्लीय चामड्यानं, महाराज,” तो कसाबसा म्हणाला. “ऊन दाखवतो.”

सगळी छावणी खुंट्यांशेजारी बसून ताटकळली. खेचरे लादली, उतरवली, पुन्हा लादली. सिंहसुद्धा पिंजऱ्यात येरझाऱ्या घालू लागला. राजा तर तंबूत शिरे, बाहेर येई, पुन्हा शिरे. उन्हात नगाऱ्याचे चामडे भाकरीसारखे टम्म फुगत चालले. दुसऱ्या सकाळी, कुणी टिपरी न लावता, नगारा आपला आपणच बोलला. गुड्... गुडगुड...

पाद्र्यांनी गुडघे टेकले. राजाने वाद्या कापायला लावल्या, आणि आंबट, गोडसर असा वास सुटला की वर्षानुवर्षे अर्धपोटी हिंडणाऱ्या त्या छावणीच्या तोंडाला पाणी सुटले. कोणी काही बोलण्याआधीच आस्कलाने तवा चढवला.

राजाने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, पाचवीनंतर मोजणे सोडले. त्याने दिलेल्या ढेकरेने म्हणे खालच्या दरीतले पक्षी उडाले. मग तो जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर उठला. समोर तोच डोंगर होता, आणि तो खुपत नव्हता.

पण कायदा तो कायदा. आस्कलाला पुढे उभे केले. तिने स्वतःच उजवा हात पुढे धरला.

राजाने त्या हाताकडे पाहिले, मग परातीकडे. “हात तोडायचाच,” तो म्हणाला. “पण अन्न अर्धवट टाकू नये. हे पीठ संपलं की नगारा धुवा, हात तोडा आणि मुक्काम हलवा. तोवर कुणी खुंटीला हात लावायचा नाही.”

नगाऱ्यात किती पीठ उरलंय ते बघायला वोल्दे धावला. आस्कला मात्र पदराआड हसली. तिच्या आईचे पीठ कधी संपले होते?

रोज ती इंजेरा करी आणि ओंजळभर पीठ नगाऱ्यातच मागे ठेवी. रोज राजा विचारी, “संपलं का?” ती म्हणे, “नाही महाराज, थोडं उरलंय.” तंबूंच्या जागी कुडाच्या भिंती आल्या. कुंभार आले, खेचरांचा बाजार बसला. गाईवाल्याला एकदाचा निकाल मिळाला. राजा म्हातारा झाला, खाटेला खिळला. शेवटच्या दिवशीही त्याने ओठ हलवले, “संपलं का?” तिने दोन्ही हातांनी त्याच्या तोंडात घास घातला. “थोडं उरलंय.”

“पुस्तकात राजधानी इथं थांबल्याचं कारण वेगळं दिलंय हो,” मंडळींतले जोशीमास्तर म्हणाले.

“असेल,” म्हातारा म्हणाला. “लिहिणारा जेवून बसला असेल.”

दामलेकाकूंना राहवेना. त्यांनी टिपरी उचलून हाणली. थब्! त्याबरोबर अंगणात मेणबत्त्या विकणाऱ्या म्हाताऱ्यांनी चटकन आपापली गाठोडी छातीशी धरली, मग एकमेकींकडे पाहून हसल्या आणि गाठोडी पुन्हा खाली ठेवली.

आजही, असे सांगतात, त्या डोंगराखालच्या घरांत पिठाचे भांडे कुणी खरवडून धूत नाही. आणि दारात येऊन कोणी विचारले, “पीठ संपलं का?” तर भांडे पालथे पडलेले असले तरी बायका उजवा हात पदराआड घेतात आणि म्हणतात, “नाही, थोडं उरलंय.”