नऊ थडग्यांचा तह

दोन बलाढ्य आरमारं दर्यावर एकमेकांच्या उरावर बसली होती आणि मधल्यामधे व्यापारी गलबतं बुडत होती. त्यातल्या एका आरमाराचा सरदार कोकणच्या सात बंदरांना दरडावायला आला.

"दर्यापलीकडच्या हबसाण मुलखाशी व्यापार आजपासून बंद! तहाचा कागद आणा, फाडून टाकतो."

बंदरांचा वकील, म्हातारा धाकोजी तांडेल, त्याला माडांखालच्या नऊ थडग्यांपाशी घेऊन गेला.

"सरकार, कागद कधी केलाच नाही. तुम्हा दोन आरमारांच्या तोफांनी मेलेल्या हबसाणच्या खलाशांना आम्ही इथे माती देतो, आमच्यांना ते तिकडे. तह मोडायचाय? मग हे नऊ उकरा आणि तिकडून माझा लेक नाग्या आणून द्या."

सरदार मान खाली घालून परतला.

तिन्हीसांजेला धाकोजीने थडग्यांवर दिवे लावले. नाग्याच्या मातीवर तिकडे दिवा कोण लावतं, त्याचं नावही त्याला ठाऊक नव्हतं.